हळू, बाबा

आमच्या लग्नात एक माणूस पुढं उभा राहतो, वंदनेची एक ओळ म्हणतो आणि मांडवातले सगळे तीच ओळ त्याच्या मागून म्हणतात. मग दुसरी ओळ, मग तिसरी. त्याचं संपल्याशिवाय लोकांनी सुरू करायचं नाही, आणि लोकांचं संपल्याशिवाय त्यानं पुढं जायचं नाही. वऱ्हाडात कितीही गोंगाट असो, तेवढा वेळ अख्खा मांडव एका आवाजाच्या पाठीमागं चालतो. माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये तो आवाज माझ्या वडिलांचा होता.

ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आठवडाभर शाळा, आणि लग्नसराईत रविवारी पांढरा सदरा, पांढरं धोतर नेसून सायकलवरून निफाडकडं नाहीतर सिन्नरकडं. मी पुढच्या दांडीवर. सत्तरच्या दशकातल्या त्या लग्नांत लाउडस्पीकर असला तरी तो गाण्यांसाठी असायचा. बाबा उभे राहिले की तो बंद करायला सांगायचे. मला सगळं पाठ होतं. उत्साहानं मी त्यांच्या बरोबरच म्हणायला लागायचो, आणि परतीच्या वाटेवर बोलणी खायचो. "बरोबर नाही म्हणायचं. मागून म्हणायचं. आधी ऐकायचं असतं."

ते निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी देवळालीच्या बाजूला एका लग्नात लोक पहिल्यांदा त्यांच्या पुढं गेले. मागच्या रांगांना काही ऐकूच आलं नाही. पाठ तर सगळ्यांनाच होतं, त्यामुळं त्यांनी आपापलं सुरू केलं. पुढच्या रांगा बाबांसाठी थांबलेल्या. मांडवाचे दोन तुकडे झाले आणि मधे बाबा ओठ हलवत उभे. एक म्हातारे पाहुणे ओरडले, "गुरुजी, आज उपास हाय का? आवाज पोटातच राह्यला की!" सगळे हसले. बाबाही हसले. घरी येताना बसमध्ये मात्र मला म्हणाले, "लोकांना आता दम राहिला नाही. मी नेहमीसारखाच म्हणत होतो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हात थरथरायचा तो गोळ्यांनी बराचसा आवरला. चाल थोडी सुधारली. आवाज मात्र गोळ्यांना दाद देईना. बोलणं एकसुरी झालं, वाक्याच्या शेवटचे शब्द घशातच विरायचे. आई आधीच गेलेली. बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, धुळ्याला वसतिगृहात राहून डी.एड. करत होती. घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी.

त्याच वर्षी बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा सायखेड्याचा. चार महिन्यांनी, मुलाकडच्यांच्या दारात लग्न. बैठकीत तिला विचारलं, तुझी काही अट? ती म्हणाली, "माझं लग्न माझे बाबा लावणार. बाकी मला काही नको." मंडळींना आवडलं ते. बाबांनी मान खाली घातली. रात्री जेवताना ते मला काहीतरी म्हणाले, मला कळलं नाही. दोनदा विचारल्यावर कळलं. "तोवर आवाज येईल का रे?"

डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली. अशोक स्तंभाजवळ एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मुंबईला शिकून आलेल्या एक बाई शनिवारी बसत. त्यांच्याकडं येणारी बहुतेक मुलं. तोतरी, नाहीतर कानानं कमी. बाबांच्या वयाचा पेशंट त्यांच्याकडं क्वचितच असावा, कारण आम्हाला पाहून त्यांनी आधी मागं कुणी मूल आहे का ते पाहिलं. आमच्या घरात त्यांचं नाव 'आवाजाच्या बाई' असंच पडलं.

त्यांनी बाबांना छातीत श्वास भरून 'आ' म्हणायला लावला. जितका मोठा होईल तितका, जितका लांबेल तितका. घड्याळ लावलं. आठ सेकंद, आणि तेही सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखे. मग छोट्या टेपरेकॉर्डरवर त्यांचं बोलणं भरून त्यांनाच ऐकवलं. बाबा टेपकडं बघतच राहिले. "हा मी?"

"तुम्हीच, गुरुजी," बाई म्हणाल्या. "तुमच्या कानाला तुमचा आवाज मोठा वाटतो, ही या आजाराची खोड आहे. तेव्हा आपण ओरडतोय, शोभत नाही, असं तुम्हाला वाटलं पाहिजे. तेव्हा कुठं आम्हाला तो साधा ऐकू येईल." मग माझ्याकडं वळून बोट उगारलं. "दिवसातून दोन वेळा. दारं-खिडक्या उघड्या टाकून. आणि घरात कुणीही त्यांना 'हळू' म्हणायचं नाही. एकदासुद्धा नाही."

सरावाला रोजच्या पाठातलं काहीतरी घ्या, जे म्हणताना आठवावं लागत नाही, असं त्या म्हणाल्या. बाबांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी वंदना घेतली.

बाईंनी एका वहीत रेघा आखून दिल्या. तारीख, सकाळ, संध्याकाळ, 'आ' किती सेकंद, आणि किती पावलांवरून स्पष्ट ऐकू आलं. पावलं मोजायला मी अंगणात, मग गल्लीत जायचं होतं. वही माझ्या हातात दिली. बाबांचं अक्षर तोपर्यंत मुंगीएवढं झालं होतं.

आता जे सांगायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एकाला सोडून, आणि त्यांना सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही इंदिरानगरात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. वस्ती तेव्हा नवी. मधे मोकळे प्लॉट, कुत्री, विटांचे ढीग. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. इथं येण्याआधी शहरात एक जागा बोलून पक्की केली होती, चावी घ्यायला गेलो तर घरमालकांनी सहज विचारावं तसं विचारलं, "म्हणजे तुम्ही लोक नेमके कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे, जागा कालच गेली हो." महिन्याभरानंही त्या दाराला कुलूपच होतं. म्हणून इंदिरानगरात मालकीणबाईंनी "गाव कुठलं?" विचारलं तेव्हा मी तालुका सांगितला. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. "मांसमच्छर नाही ना?" नाही म्हणालो. पुढं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भिंतीवरच्या तसबिरी आतल्या खोलीत लावल्या. बाबांनी का म्हणून विचारलं, तर म्हणालो, बाहेरच्या भिंतीला ओल आहे.

सरावाचा पहिला दिवस. बाबांनी खिडकी स्वतः उघडली, श्वास घेतला आणि 'आ' लावला. मग वंदनेची पहिली ओळ. आवाज फाटका होता, पण बाहेर येत होता. मी वही घेऊन अंगणात गेलो, दहा पावलं मोजली, आणि वरच्या जिन्यावरून मालकीणबाई खाली आल्या.

"काय हो, वडील काय म्हणतायत सकाळी सकाळी? स्तोत्र आहे का कुठलं?"

"हो," मी म्हणालो. "स्तोत्र."

"संस्कृतच ना? उच्चार जरा वेगळेच वाटले मला." त्या कान देऊन उभ्या राहिल्या. "आमच्या ह्यांना विचारते. त्यांना सगळी पाठ आहेत."

आतून बाबांची दुसरी ओळ आली. ते पुढं कुठल्या शब्दावर येणार ते मला पाठच होतं. तो शब्द कुणालाही कळला असता. मी अक्षरशः धावत आत गेलो, खिडकी ओढून घेतली आणि म्हणालो, "हळू, बाबा."

ते थांबले. "बाई तर म्हणाल्या..."

"वर आजारी माणूस आहे. मालकांचा रक्तदाब वाढलाय. हळू म्हणा. आणि मी नसताना तर नकोच."

मालक ठणठणीत होते, रोज सकाळी बॅडमिंटन खेळायला जायचे.

बाबा म्हणाले, "मग राहू दे. कुणाला त्रास नको आपला." आणि मिटलेल्या खोलीत, खाटेवर बसून, ते कुजबुजत वंदना म्हणू लागले. त्यांच्या कानाला तीही मोठीच वाटत असणार.

त्या संध्याकाळी वहीसमोर बसलो तेव्हा लिहायला काही नव्हतं. पण शनिवारी बाई वही बघणार. मी लिहिलं: सकाळ, झाला. संध्याकाळ, झाला. नऊ सेकंद. दहा पावलं. दुसऱ्या दिवशी नऊ सेकंद, अकरा पावलं. उगाच मोठे आकडे लिहिले तर बाईंच्या टेबलावर उघडे पडलो असतो. म्हणून मी काळजीनं खोटं लिहिलं, कचेरीत टिपणी लिहावी तसं. मधे एखादा दिवस 'सर्दीमुळे नाही' असंही टाकलं. त्यामुळं वही जास्तच खरी वाटायची.

तुम्ही विचाराल, दुसरीकडं नेलं का नाहीस? मोकळे प्लॉट होतेच ना? होते. एकदा नेलंही, संध्याकाळी. विटांच्या ढिगाशी उभं केलं. तेवढ्यात मालकीणबाई शेजारणीबरोबर फिरायला येताना दिसल्या आणि मी बाबांना दंड धरून परत आणलं. पुढं रोज उद्या-उद्या म्हणत राहिलो. बहीण महिन्यातून एकदा यायची, त्या रविवारी म्हणायचो, "आज बाबांना सुट्टी. बाईंनी आठवड्याला एक विसावा सांगितलाय." ती वही चाळायची आणि म्हणायची, "दादा, तू किती करतोस रे." मी चहा ठेवायला उठायचो.

तीन महिने असे गेले. दर शनिवारी बाईंच्या टेबलावर वही ठेवायचो. त्या बाबांचा 'आ' मोजायच्या. आठ. मग सात. मग सहा. एका शनिवारी वही आणि त्यांची नोंद शेजारी ठेवून त्या दोन्हीकडचे आकडे बोटानं जुळवत राहिल्या. लग्नाला तीन आठवडे उरले होते.

"गुरुजी, तुमच्याइतका नेमानं सराव करणारा पेशंट मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "घरच्या खोलीत सवयीनं नऊ-दहा येतात, इथं सहा. आणि इतकं करूनही आवाज उतरतोच आहे. म्हणजे आजार आपल्या पुढं चाललाय. लग्नाचा ताण घेऊ नका. वंदना दुसऱ्या कुणाला तरी सांगा. तुम्ही मुलीजवळ बसा."

"लाउडस्पीकर लावला तर?" मी विचारलं. तेवढं तरी विचारलं.

"लाउडस्पीकर आहे तो आवाज मोठा करतो. तो आधी घशातून यायला हवा ना."

बाबांचे ओठ हलले. बाई पुढं वाकल्या, त्यांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं होतं. ते म्हणाले होते, "अजून जोर लावतो. मला तीन आठवडे द्या."

त्या क्षणी सांगितलं असतं तरी तीन आठवडे हातात होते. पण नुसती वही खोटी आहे एवढं सांगून भागणार नव्हतं. का, ते सांगावं लागलं असतं. त्या बाईंसमोर, आणि त्याहून म्हणजे बाबांसमोर. ज्यांनी आयुष्यभर भर मांडवात उभं राहून आपण कोण ते खणखणीत आवाजात सांगितलं, त्यांच्या मुलाला ते खिडकी उघडी ठेवून ऐकवत नव्हतं.

मी म्हणालो, "ठीक आहे म्हणतायत ते."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून खोलीतली कुजबुजही बंद झाली.

बहिणीला मी धुळ्याला जाऊन सांगितलं. वसतिगृहाच्या फाटकात ती रडली, मग भांडली. "मग लग्न पुढं ढकला!" मग स्वतःच म्हणाली, "पुढं तरी काय होणारे? वाढतच जाणारा आजार आहे." डोळे पुसून मला म्हणाली, "तू जिवाचं रान केलंस दादा, मला माहितीये." मी मान हलवली आणि परतीची एस.टी. धरली.

सायखेड्याला लग्न चांगलं झालं. नाशिकरोडचा एक तरुण वंदनेला आणला होता, मायक्रोफोनवर स्वच्छ म्हणत होता. बाबा पुढच्या खुर्चीत, पांढऱ्या सदऱ्यात. मांडव त्या तरुणाच्या मागून म्हणत होता. बाबांचे ओठ हलत नव्हते. वधूवरांवर फुलं टाकताना त्यांच्या मुठीतल्या पाकळ्या आधीच थरथरून खाली पडल्या होत्या. बहिणीनं ते पाहिलं आणि मान फिरवली.

पंगत बसायच्या वेळी बाबा दिसेनात. मांडवात नाहीत, विहाराच्या ओट्यावर नाहीत. पडले-बिडले तर नाहीत, या धास्तीनं मी घरं शोधत नदीपर्यंत गेलो. घाटावर दोन बायका धुणं धूत होत्या. वरच्या पायरीवर बाबा पाण्याकडं तोंड करून उभे होते, एक हात पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीला. त्यांनी श्वास भरला आणि 'आ' लावला.

मी सवयीनं घड्याळात पाहिलं. आठ झाले, नऊ झाले, दहा झाले. आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला. चौदा सेकंद.

खालची एक बाई धुणं थांबवून ओरडली, "बाबा, कोनाला हाका मारता हो?"

"कुणाला नाही!" बाबा म्हणाले. "पोरीचं लग्न लागलं आज!"

"मंग आम्हाला जेवन हाय का नाय?"

"चला की! पंगत बसलीय!"

वीस-पंचवीस पावलं असतील मधे. तिला प्रत्येक शब्द कळला. त्या दोघी हसत पुन्हा धुण्याला लागल्या.

मी जवळ गेलो. बाबा मला पाहून नेहमीच्या विरलेल्या आवाजात म्हणाले, "इथं कुणी आजारी नाही ना? म्हणून म्हटलं."

मी पायरीवर बसलो आणि सगळं बोलून टाकलं. वर कुणी आजारी नव्हतं. मालकीणबाईंना कळू नये म्हणून तुम्हाला हळू म्हणायला लावलं. वही खोटी आहे. बाईंना खोटं सांगितलं. तुमचं बोलणंही खोटं सांगितलं.

या आजारात चेहराही आखडतो. राग असो, हसू असो, बाहेर काही येत नाही. मी त्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होतो, आणि तो पाण्याकडं बघत होता.

"वहीत किती लिहायचास?"

"काय?"

"सेकंद."

"नऊ. कधी दहा."

"नऊच?" ते म्हणाले.

चेष्टा होती की टोमणा होता, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी शाळेत जन्मभर गुण दिले होते, एवढंच मला ठाऊक. मी म्हणालो, "आत्ता चौदा झाले." त्यांनी मान हलवली, की ती आजारानंच हलली, तेही कळलं नाही. मग म्हणाले, "तिला सांगू नकोस. आज तिचा दिवस आहे." आणि उठवायला हात पुढं केला. मला उठवायला.

पुढच्या शनिवारी बाईंनाही सांगितलं. बाबांना एकट्यांना जे सांगितलं, ते सगळं त्यांना सांगायचं धैर्य मात्र झालं नाही. वही खोटी होती एवढंच बोललो. त्यांनी वही मिटली. बाबांकडं वळून म्हणाल्या, "माफ करा, गुरुजी. मी कागदाकडं बघितलं, तुमच्याकडं नाही." वेळेवर केलं असतं तर लग्नात आवाज पुरला असता का, असं मी विचारलं. "कदाचित," म्हणाल्या. "नक्की कोण सांगणार?" दोन महिन्यांत मी आमच्या लोकांच्या वस्तीत जागा घेतली. तिथं बाबा ओट्यावर उभं राहून सराव करायचे आणि समोरच्या घरातून "गुरुजी, अजून जोरात!" अशी ओरड यायची. वर्षभर आवाज टिकला. एक लग्न आणि दोन बारशी त्यांनी केली. मग तो गेला, नंतर गिळणं गेलं, नंतर ते गेले.

माझी बहीण अजून तिच्या मुलांना सांगते की आजोबांचा आवाज लग्नाच्या आधीच आजारानं नेला, आणि मामानं किती खस्ता खाल्ल्या. मी तिथंच बसलेला असतो. बाबांनी मला त्या एका दिवसापुरतं गप्प राहायला सांगितलं होतं. मी ते वीस-बावीस वर्षं पाळलं, कारण ते मला सोयीचं होतं.

हे सगळं ज्या पुस्तकात लिहिलंय ते छापून हातात आलं की पहिली प्रत तिच्याकडं घेऊन जाणार आहे. टपालानं पाठवणार नाही. ती हे पान वाचेल तेव्हा मी तिच्या समोर बसलेला असेन.